कुंकवाखालचं नाव

माझ्या टेबलावर एक टेन्शनर आधीच होता, माझ्या सहीच्या टॅगसकट. म्हात्र्यांनी फडक्यातून दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवला.

“सायब, यातला एक तुमचा हाय नि एक समोरच्यांचा. कोन कोनचा ते मना सांगा.”

टेन्शनर म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनात एक साखळी असते, सायकलच्या चेनसारखी. ती सैल पडू नये म्हणून तिला एका बाजूने दाबून धरणारा हा बोटभर तुकडा. तो तेलाच्या प्रेशरवर चालतो. तो ढिला पडला की चेन घसरते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन संपतं. म्हात्र्यांचं तसंच संपलं होतं.

म्हात्रे शिरवण्याचे. एकच गाडी, स्वतःच चालवायची, कंपन्यांच्या स्टाफला ने-आण करायची. तीन आठवडे गाडी आमच्या वर्कशॉपच्या भिंतीला उभी होती आणि क्लेम मी रिजेक्ट केला होता. मी नेरूळच्या एमआयडीसीत एका कार डीलरकडे वॉरंटी बघतो. गाडी वॉरंटीत आहे की नाही, बिघाड कोणाच्या चुकीने झाला, हे मी लिहून देतो. माझ्या लिहिण्यावर कंपनी इंजिन देते किंवा देत नाही. इंजिन पदरचं घालायचं तर गाडी विकूनच घालावं लागेल, असं म्हात्रे मला म्हणाले होते. विनोदाने म्हणाले होते, पण हसले नव्हते.

मी लिहिलं होतं : ‘दुसऱ्या कंपनीचा टेन्शनर बसवल्यामुळे इंजिन निकामी.’ ते खोटं नव्हतं, असं मला वाटत होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या इंजिनातून खडखड यायला लागली, तेव्हा आमच्याकडे पार्ट नव्हता. थांबा म्हणून मीच सांगितलं होतं. ते किती थांबणार? कळंबोलीच्या एका गॅरेजवाल्याने समोरच्यांचा टेन्शनर घातला आणि गाडी चालू करून दिली. ‘समोरचे’ म्हणजे आमची स्पर्धक कंपनी. त्यांचं शोरूम रस्त्याच्या पलीकडे आहे, म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव कोणी घेत नाही. त्यांची गाडी चुकून आत आली तर गेटवरूनच परत पाठवतात. इंजिन उघडल्यावर मला टेन्शनरवर त्यांचा लोगो दिसला. तिथेच मी थांबलो आणि रिपोर्ट लिहिला.

आता दोन्ही तुकडे शेजारी शेजारी होते. टेबलावरचा मी इंजिनातून काढलेला, समोरच्यांचा. म्हात्र्यांनी आणलेला म्हणजे त्याच्या आधीचा जुना, आमचा. गॅरेजवाल्याने तो त्यांना परत दिला होता आणि त्यांनी तो जपून ठेवला होता. मी दोन्हींना मापाचा कॅलिपर लावला. फरक शून्य. ओतकामावरचा नंबर एकच, बनवणाऱ्याची खूणही एकच. फक्त समोरच्यांच्या तुकड्यावर जिथे लोगो होता, तिथे आमच्या तुकड्यावर घासलेला चट्टा होता.

“घासून काढलाय जनू,” म्हात्रे म्हणाले.

तसला चट्टा मी कुठे पाहिलाय, ते मला आठवलं होतं.

आमच्या ट्रेनिंग रूममध्ये एक कट-मॉडेल आहे. खरं इंजिन, आतलं दिसावं म्हणून अर्धं कापलेलं. नवीन पोरांना मी त्याच्यावरच शिकवतो. दसऱ्याला त्याची पूजा होते आणि पूजेचा मान आठ वर्षं माझा आहे. वरच्या कव्हरवर एक घासलेली सपाट जागा आहे. कुंकू लावायला सोयीची. कंपनीने मुद्दाम चांगलं फिनिशिंग दिलंय, असं मी पोरांना सांगत आलो. कुंकू कोणी कधी नीट पुसत नाही. आदल्या वर्षाच्या कुंकवावर पुढच्या वर्षाचं.

मी डिझेलचं फडकं घेऊन तिथे गेलो आणि ती जागा पुसली. वरचं सगळं निघालं. खाली लाल रेघा राहिल्या. खोदलेली अक्षरं घासणाऱ्याने पूर्ण खोलवर घासली नव्हती. उरलेल्या चरांत कुंकू जाऊन बसलं होतं, आणि त्यात समोरच्या कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

मी स्टुलावर बसलो. आठ वर्षं मी त्यांच्या नावाला कुंकू लावत होतो.

म्हात्रे मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा घेता का, असं मलाच विचारलं.

मी एरिया मॅनेजर देसाई सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते हसले.

“शिंदे, तुला खरंच माहीत नव्हतं?”

डिझाईन समोरच्यांचंच आहे म्हणाले. आपण लायसन्सवर घेतलंय, इंजिनाचा ब्लॉकसुद्धा एकाच प्लांटमधून येतो. ही काही गुप्त गोष्ट नाही, फक्त बोर्डावर कोणी लिहीत नाही.

“मग सर, ट्रेनिंगमध्ये आपण त्यांच्या इंजिनाला नावं का ठेवतो?”

“तू ठेवतोस. स्लाइडवर तसं कुठे लिहिलंय?”

मी फोन ठेवून स्लाइड उघडल्या. सगळ्या बघितल्या. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. ‘समोरच्यांचं इंजिन म्हणजे पत्र्याचा डबा’ हे वाक्य माझं स्वतःचं होतं. पोरं त्यावर हसायची, म्हणून मी ते दर बॅचला म्हणायचो.

घरी जुईनगरला वडिलांना सांगितलं. ते वाशीच्या बाजारात माथाडी होते, जन्मभर कांद्याच्या गोणी वाहिल्या. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिला माझा, आणि तो त्यांनी देवघराशेजारी लावलाय. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल.

“त्यात काय नवल?” ते म्हणाले. “एकाच ढिगाचा कांदा आमी तीन व्यापाऱ्यांच्या मार्क्याच्या गोणीत भरायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, ह्याचाच कांदा ग्वाड. हमालाला समदं ठावं असतंय.”

बाजारात हमालाला माहीत होतं. आमच्याकडे वरच्यांना माहीत होतं आणि हमाल मी होतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकून.

दुसऱ्या दिवशी मी म्हात्र्यांचं इंजिन पुन्हा उघडलं. टेन्शनर जर तोच, तर तो ढिला का पडला? त्याला तेल मिळालं नाही म्हणून. तेल का मिळालं नाही, हे बघायला तेलाचा पंप उघडायला हवा होता. तो मी पहिल्या वेळी उघडलाच नव्हता. आतल्या रोटरचे, म्हणजे तेल ढकलणाऱ्या चाकाचे, तुटून दोन तुकडे झाले होते. पंप आमचाच, फॅक्टरीतून आलेला, कोणी हात न लावलेला. ऑइलचा दिवा लागला आणि आपण लगेच गाडी बाजूला घेतली, हे म्हात्रे पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी ते रिपोर्टात घेतलंही नव्हतं.

नवा रिपोर्ट लिहिला. पहिल्या ओळीत लिहिलं, की माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. दोन्ही टेन्शनरचे फोटो शेजारी शेजारी जोडले. देसाई सरांचा फोन आला. पंपाचा फोटो ठेव, टेन्शनरचे काढ म्हणाले. मी म्हटलं, सर, ते काढले तर माझाच जुना रिपोर्ट खरा ठरतो. ते म्हणाले, पाठव, पण तुझ्या जबाबदारीवर.

इंजिन मिळालं. कंपनीच्या पत्रात ‘ग्राहकसंबंध लक्षात घेऊन’ असं होतं, पंपाचं नाव नव्हतं. मलाही एक पत्र मिळालं : रिपोर्टमध्ये इतर कंपन्यांच्या पार्टशी तुलना करू नये.

म्हात्रे गाडी न्यायला आले तेव्हा नवीन इंजिनावर वाकून कव्हर बघत होते.

“इथं पन घासलाय, सायब.”

“असू दे. चालवा.”

“चालवतो की. दोगांचा मिलून हाय, म्हंजे दुप्पट चालंल.”

आता ट्रेनिंगमध्ये मी एवढंच सांगतो, की लोगो दिसला म्हणून थांबायचं नाही, पंप उघडायचा. यंदाच्या दसऱ्याला ताट पुन्हा माझ्याच हातात होतं. कुंकू मी त्याच जागी लावलं. दुसरीकडे कुठे सपाट जागाच नाही.