आधी पाणी

"आधी पाणी पाज."

काका कुणाच्याही घरी गेले की पहिलं वाक्य हेच. ग्लास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि पाणी तोंडात असं घोळवायचे की वाटावं, आता सोफ्याशेजारी चूळ भरतात की काय! मग गिळायचे, मान हलवायची, झालं. चहा विचारला तर म्हणायचे, "तो मी रोजच पितो. तुमचं पाणी कुठे रोज मिळतं?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, पण आमच्या दुकानातले काका म्हणजे... थांबा, नीट सांगते.

मांडवीतल्या सुट्ट्या चहाच्या दुकानात मी लागले ती पाकिटांची लेबलं आणि रील्स बनवायला. चहातलं मला शून्य कळत होतं. काका मागच्या खोलीत बसून चहा मिसळायचे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. आसामचा दाणेदार चहा रंगासाठी, निलगिरीची पत्ती वासासाठी आणि वर दार्जिलिंगची एक चिमूट. ती कशाला ते सांगायचे नाहीत. "ती माझी सही," म्हणायचे. समोर पांढऱ्या कपांची रांग, सगळा कोरा चहा, आणि तो चमच्याने असा सुर्रर्र करून ओढायचे की बाहेरची गिऱ्हाइकं दचकायची. मध्ये बोललं की बोट वर. "थांब. जीभ कामावर आहे."

दुकानातले बाकीचे चहा शेठच्या वडिलांनी ठरवलेले. काकांचा स्वतःचा एकच, 'दुपारचा'. "दुपारची झोप उडाली पाहिजे, रात्रीची नाही," एवढीच त्याची ओळख. तीन वाजता प्यायचा, तोही कोरा. "दूध घाला हवं तर, फक्त मला सांगू नका."

आणि या दुपारच्याच तक्रारी सुरू झाल्या! पहिली तर आमच्याच घरून. आम्ही रावपुऱ्यातलं जुनं घर सोडून छाणीच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. आई म्हणाली, "अगं, घसा नुसता धरतो. तुझ्या काकांनी काय मिसळलंय यात?" मग सोसायटीतल्या आणखी चार घरांतून तेच. कडक, तुरट, जीभ खरखरते.

शेठ एक दिवस आमच्याकडच्या अर्ध्या गुजराती मराठीत म्हणाले, "काका, आ दुपारचा बंध करी दईए. तयार पाकिटं मागवू, झंझट नाही."

"एक आठवडा द्या ने, शेठ," काका एवढंच म्हणाले आणि मागे गेले.

आणि मी! मला कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, वयामुळे काकांची जीभ थकली असेल ने."

काका गोणीमागेच उभे होते.

"असेल, असेल," म्हणाले, आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले. त्या दिवशी मला डबा खाववला नाही.

दुसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, "चल, तुझ्या घरी ने." मांडीवर दुपारच्याचा स्टीलचा डबा घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसले. पूर्ण रस्ताभर मी माफी मागायचं ठरवत होते आणि नुसता हॉर्न वाजवत होते.

"या या काका, चहा टाकते ने?" आई म्हणाली.

"आधी पाणी पाजा, ताई."

आईने मोठ्या ऐटीत नव्या फिल्टरचं पाणी दिलं. काकांनी घोळवलं. डोळे उघडले. पुन्हा एक घोट. मग ग्लास उजेडात धरून म्हणाले, "ताई, हे पाणी नाही हो. हे नुसतं ओलं आहे!"

"काका! नवा फिल्टर आहे तो!"

"तेच तर! माझा चहा नळाच्या क्षारवाल्या जड पाण्याशी भांडायला तयार केलेला. तुमच्या पाण्यात भांडायला कुणी नाहीच, मग तो तुमच्या घशाशी भांडतो!"

दोन पातेली चढली. एकात फिल्टरचं पाणी, एकात सरळ नळाचं. चहा तोच, चमचाही तोच. आईने दुसरा कप तोंडाला लावला आणि ओरडलीच, "अगं बाई, हा तर आपला रावपुऱ्याचा!"

मी उड्या मारत होते, खरंच! काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जीभ कामावर आहे ने?"

मी मान खाली घातली. त्यांनी उरलेला कप माझ्यापुढे सरकवला.

चार दिवसांत त्यांनी आसाम कमी करून, निलगिरी वाढवून नवा मेळ बसवला. लेबल मी केलं, 'दुपारचा, फिल्टरवाला'. जुन्या पाकिटावर लिहिलं, 'दुपारचा, नळवाला'. शेठ चव घ्यायला म्हणून आले आणि दुसरा कप घेऊन गेले. बंद करायचं नाव पुन्हा निघालं नाही.

तेव्हापासून रोज तासभर काका मला मागच्या खोलीत बसवायचे. मला सुर्रर्र जमायचं नाही, ठसका लागायचा. ते हसायचे. "लाजतेस म्हणून. लाजून चव कळत नाही."

मग काकांच्या गुडघ्यांनी घराचा जिना नको म्हटलं आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी ती चिमूट कशाला ते मला सांगितलं. तुम्हाला सांगणार नाही!

त्यांचं स्टूल आता माझ्याकडे आहे. पण नवा मेळ बसवायची माझी हिंमतच होत नव्हती. त्यांनी लिहून ठेवलेलंच मोजून मिसळत होते.

आणि आज पुण्याच्या बसने पार्सल आलं! आत कोल्ड्रिंकची बाटली, बुचापर्यंत पाण्याने भरलेली, झाकणाला चिकटपट्टी. सोबत चिठ्ठी. "मुलीकडे टँकरचं पाणी येतं. यात माझा दुपारचा मुका झालाय. बोलता कर."

मी कप मांडले. ग्लास भरला. डोळे मिटले.

तेवढ्यात शेठ आत डोकावले. "अरे, पार्सल शेनुं छे? काय आहे आत?"

माझ्या तोंडात पुण्याचं पाणी होतं. मी नुसतं बोट वर केलं.