जाऊबाईंची झोप

आमच्या थोरल्या जाऊबाई खोटं बोलत नाहीत. गिऱ्हाइकाने हौसेने निवडलेलं कापड त्याच्या खोलीत शोभणार नसेल तर तसं तोंडावर सांगतात आणि मालकाची बोलणी खातात. आम्ही दोघी एकाच पडद्यांच्या दुकानात आहोत. मी मागे मशीनवर शिवते. त्या घरोघरी जाऊन मापं घेतात, शिडीवर चढून दांड्या बसवतात, पडदे टांगून येतात.

मी मेली जन्माची चुळबुळी. बसल्या जागी माझा पाय हलत असतो. घरचं कुणी यायला जरा उशीर झाला की माझ्या मनात त्याचा अपघात होऊनसुद्धा गेलेला असतो. जाऊबाई मात्र शांत. घरात त्यांना कुंभकर्णच म्हणतात. थोरल्या दिरांचं घोरणं भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येतं, पण ह्या शेजारी ढाराढूर. उशीला डोकं टेकलं की संपलं, असं दीर आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात आणि जाऊबाई नुसत्या हसतात. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

माझी लेक पहिल्यांदा परक्या शहरात नोकरीला गेली तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा लागेना. दुकानात दोनदा उलटी शिवण घातली. जाऊबाईंनी मला कापडाच्या ताग्यांआड नेलं, पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी नखाने मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. कुणाला सांगणार नाही अशी लेकीची शपथ घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी उठले ती थेट जेवणाच्या वेळेला, तेही ह्यांनी ओढून उठवलं म्हणून. चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि त्यात पाणी घालायचं विसरले. संध्याकाळपर्यंत जीभ जड, चालणं भिंत धरून. आणि देहाने मी जाऊबाईंच्या दीडपट आहे हो! त्या किती घेतात म्हणून विचारलं, तर रोज दोन. पूर्वी एकीत भागायचं. त्यांचे वडील गेले तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या दिल्या होत्या, त्याला आता पाच वर्षं होत आली. औषधवाला ओळखीचा, तो चिठ्ठी मागत नव्हता. दोन गोळ्या घेऊन बाई सकाळी शिडीवर चढते, याचा मला त्या वेळी हेवाच वाटला. म्हटलं, काय ताकद आहे.

मग शिडीवर चढण्याचाच प्रश्न आला. जाऊबाईंच्या खांद्याचा स्नायू फाटला, हात डोक्याच्या वर जाईना. ऑपरेशन ठरलं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टर तपासतात आणि झोपेच्या गोळ्यांचं हटकून विचारतात, हे शेजारणीकडून कळलं आणि जाऊबाईंचा चेहरा उतरला. दीर बरोबर असणार. त्यांच्यासमोर हो म्हणवणार नाही, आणि नाही म्हणायला यांची जीभ वळत नाही. मी म्हटलं, नाही म्हणून मोकळ्या व्हा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पडलेली सुई शोधायला खाली वाकले.

तपासणीला चारच दिवस राहिले तेव्हा त्या मशीनपाशी आल्या. म्हणाल्या, "कालपासून बंद केल्या. आता विचारलं तर नाही म्हणेन, आणि ते खरंच असेल."

मी मनातल्या मनात हात जोडले. काय हा निग्रह!

दुसऱ्याच दिवसापासून त्यांचं चित्र पालटलं. मागे कुणी कात्री ठेवली तरी दचकायच्या. पंख्याखाली घामाने भिजायच्या, हुक अडकवताना बोटं थरथरायची, दुकानात नुसत्या येरझारा घालायच्या. चुळबुळी मी, पण त्यांच्याकडे बघून माझा पाय जागच्या जागी थांबला. भिंतीवरून काहीतरी सरपटतंय असं एकदा म्हणाल्या. भिंतीवर काही नव्हतं. दीर म्हणायचे, ऑपरेशनची धास्ती घेतलीय. धास्ती नव्हे हे मला कळत होतं, पण तोंडाला लेकीच्या शपथेचं कुलूप.

तपासणीला मीही मागे लागून गेले. डॉक्टरीणबाई एकेक विचारत होत्या. दमा, साखर, हलणारे दात. झोपेची किंवा मन शांत करायची काही औषधं घेता का?

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

दीर हसले. "हिला झोपेची गोळी? जागं ठेवायची असेल तर द्या."

डॉक्टरीणबाईही हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मी मनात लेकीची माफी मागितली आणि बोलून टाकलं.

"घेत होत्या. पाच वर्षं, रोज दोन. तुम्ही विचाराल म्हणून एकदम सोडल्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हात दाखवायला सांगितले. जाऊबाईंनी हात पुढे केले. ते लटलट कापत होते. दीर त्या हातांकडे बघतच राहिले.

डॉक्टरीणबाई कुणाला रागावल्या नाहीत. वय, यकृत औषध किती लवकर निपटतं, जोडीला दुसरं काय चालू आहे, आणि सवय, यावर सगळं ठरतं म्हणाल्या. वजनावर जाऊ नका. मी माझ्या अर्ध्या गोळीचंही सांगून टाकलं. तुमच्या शरीराला ती नवखी होती, म्हणाल्या. जाऊबाईंना दोन पचत होत्या असं नव्हे, त्यांचं शरीर रोज त्या गोळीला उलटा रेटा देत होतं. दार दोन्हीकडून रेटत असताना पलीकडचा एकदम बाजूला झाला की आपण तोंडावर पडतो, तसं आता झालंय. अशात फिटसुद्धा येते. आणि हे कळलं नसतं तर भुलीचा अंदाज चुकला असता. शिवाय दुखणं थांबवायच्या औषधावर यांनी घरी आपल्या दोन गोळ्या घेतल्या असत्या तर श्वास मंदावत जाऊन थांबला असता. झोप गोळीला दाद देईनाशी झाली म्हणून श्वासही तेवढाच निगरगट्ट होतो, असं नाही.

ऑपरेशन पुढे गेलं. जाऊबाईंना तिथेच ठेवून घेतलं, गोळी पुन्हा सुरू केली, आणि मग कित्येक महिने डॉक्टरांच्या नजरेखाली किंचित किंचित कमी करत आणली. बाहेर येऊन दीर एवढंच म्हणाले, "पाच वर्षं मी शेजारी झोपतोय." त्यानंतर पाहुण्यांना ते कौतुक कधी ऐकवलं नाही.

जाऊबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शिडी बंद म्हणून दुकानात माझ्यासमोरच बसून चुण्या घालायच्या, पण कात्री हवी असली तर मालकाकरवी मागायच्या. मला राग यायचा, रडूही यायचं. जीव वाचवला त्याचं हे बक्षीस, असं पुटपुटत मी शिवायचे. जिवंत आहे ना बाई, असंही मनाला बजावायचे. लेक फोनवर म्हणाली, आई, मी ठणठणीत आहे, तुझी शपथ सुटली समज.

पुन्हा ऑपरेशन ठरलं, पुन्हा तीच खोली. दीर आत बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी दारात उभी. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला.

जाऊबाईंनी एकदा दिरांकडे पाहिलं. "घेत होते. आता पाव गोळी राहिलीय. मला झोप येत नाही. हे घोरतात."

दिरांनी मान खाली घातली. ऑपरेशननंतर घरी औषधं स्वतःच्या ताब्यात कोण ठेवणार, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. जाऊबाईंनी मागे वळून दाराकडे बोट केलं.

"ती ठेवेल. तिच्या पोटात काही राहत नाही."

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. बसताक्षणी माझा पाय हलायला लागला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला, आणि तो हात थरथरत नव्हता.