वानखेड्यांचा पूल आणि बाळ्या

एका छपराखाली राहताना किस्से घडताहेत हे कोणालाच कळत नाही. तेव्हा नुसता वैताग असतो. काही वर्षांनी तीच माणसं एका टेबलावर जेवायला बसली, की तोच वैताग किस्सा होऊन बाहेर येतो. आणि एक निघाला की मागचे थांबायला तयार नसतात.

परवा निखिलच्या साखरपुड्यात हेच झालं. त्याच्या होणाऱ्या बायकोने सहज विचारलं, "तुम्ही राहायचात त्या घरात म्हणे पूल होता?"

झालं! सगळ्यांची जेवणं थंड झाली.

ते घर केलीव्हिलचं. कोविडनंतर बॉर्डर उघडल्यावर सगळं जग एकदम सिडनीत शिकायला आलं होतं, ते दिवस. एका खोलीच्या इन्स्पेक्शनला ही रांग! मी आणि निखिल, दोघंही पॅरामॅटाला युनिव्हर्सिटीत, दोघंही बेघर व्हायच्या बेतात. अशात प्रदीपदादा वानखेडे आणि वंदनाताईंनी वरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. दादा वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, ताई नर्स. मुलगी मैत्रेयी शाळेत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्येच यायचं.

मी आईला फोनवर आनंदाने सांगितलं, "आई, घरामागे पूल आहे!"

आई काळजीच्या आवाजात म्हणाली, "नदीच्या इतक्या जवळ कशाला घेतलंस गं घर?"

* * *

खोली दाखवताना दादा म्हणाले होते, "भाडं थोडं कमी घेतो, पण पूल तुमचा."

निखिल भारावून गेला. नाशिकचा मुलगा, पट्टीचा पोहणारा. पहिल्याच शनिवारी नवा गॉगल, नवी चड्डी, खांद्यावर टॉवेल टाकून खाली आला.

नोव्हेंबर होता. शेजारच्या बॅरीचं जॅकरँडा आमच्या कुंपणावरून ओणवलेलं आणि मागे दोन गमची, म्हणजे निलगिरीची झाडं. पाणी दिसतच नव्हतं. वर जांभळी फुलं, खाली लांबट पानं, मधे एक बुडालेली चप्पल.

दादांनी त्याच्या हातात लांब दांड्याची जाळी दिली.

"हे काय?"

"म्हटलं ना, पूल तुमचा!"

निखिल दुपारभर पानं काढत होता. शेवटचा कोपरा साफ केला आणि वारा सुटला. मागे वळून बघतो तर पूल पुन्हा जांभळा. तो जाळी टाकून सरळ वर गेला आणि गॉगल लावूनच झोपला.

* * *

आमच्या दोघांच्या असाइनमेंट एकदम आल्या आणि पूलकडे कोणी बघितलं नाही. पाणी हिरवं झालं. साधं हिरवं नाही, पालकाच्या भाजीचं हिरवं.

पूलच्या दुकानात पाणी फुकट तपासून देतात. एका बाटलीत भरून न्यायचं, बस्स. पण दादा पडले लॅबवाले. त्यांनी घरातली एक नवीकोरी युरिन सँपलची डबी काढली, पिवळ्या झाकणाची. कोपरभर हात बुडवून व्यवस्थित नमुना घेतला. सवयीने लेबलही लावलं. नाव: पूल. वय: अंदाजे पंधरा. तक्रार: रंग बदलणे.

दुकानात शेरिल नावाची बाई होती, पन्नाशीची, उन्हाने रापलेली. तिने डबी उजेडात धरली. दादांकडे बघितलं. पुन्हा डबीकडे बघितलं.

अगदी हळू आवाजात म्हणाली, "मेट, यासाठी तू डॉक्टरकडे जा. आणि आजच जा!"

* * *

यानंतर दादांनी जाहीर केलं, "आता ऑटोमॅटिक क्लीनर घ्यायचा. आबा यायच्या आत पूल नीट झाला तर ठीक. नाही तर माती टाकून बुजवतो आणि वर मेथी लावतो."

आबा म्हणजे दादांचे वडील. ते अकोल्याजवळच्या गावाहून पहिल्यांदाच येणार होते.

ताईंचा चेहरा उतरला. चाळिशी उलटल्यावर ताई याच पूलमध्ये पोहायला शिकल्या होत्या, मैत्रेयीकडून. ड्यूटीवरून आल्या की चहा नंतर, आधी पूल. "मेथी बाजारात मिळते," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. घरात दोन दिवस भांड्यांचे आवाज जरा जास्त येत होते.

निखिलने तोडगा काढला. मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: "घरच्या पूलसाठी चांगला ऑटोमॅटिक क्लीनर सुचवा. केलीव्हिल."

धडाधड उत्तरं आली. एकाने लिहिलं, सक्शनचाच घ्या. दुसऱ्याने लिहिलं, सक्शनचा चुकूनही घेऊ नका. तिसऱ्याने सूर्योदय आणि सुप्रभात. एका काकूंनी उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेत असल्याचं कळवलं.

आणि मग ओळीने मेसेज: "क्लीनरचं माहीत नाही, पण केलीव्हिलला रूम आहे का?" "माझ्या भाच्यालाही हवीय." "दोघं शेअर करतील."

शेवटचा तर थेट होता: "क्लीनर कशाला घेता? मला ठेवा. पोहता येतं!"

* * *

शेवटी कोणाकडून तरी जुना सक्शनचा क्लीनर आला. त्याची लांब नळी पूलच्या पंपाला जोडायची. पंप ओढणार आणि हे धूड तळाशी सरकत कचरा खाणार. खायचंही. फक्त गमचं पान घशात अडकलं की एकाच कोपऱ्यात उभं राहून टक् टक् टक् टक् करत बसायचं.

त्याच दिवसांत निखिलचा पॅरामॅटाच्या एका कंपनीशी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. खिडकी बंद, शर्ट इस्त्रीचा, खाली शॉर्ट्स. मी बाजूच्या खोलीतून सगळं ऐकत होते.

पाच मिनिटांत खालून सुरू झालं. टक् टक् टक् टक्.

समोरची बाई म्हणाली, "सॉरी, तो आवाज कसला?"

"सॉरी! अवर क्लीनर."

"ओह. मेहनती दिसतोय."

"नाही हो, एकाच कोपऱ्यात उभा राहतो. बाकी काही करत नाही."

बाईने विचारलं, "तुम्ही त्याला थोडा वेळ थांबायला सांगता का?"

"सांगून ऐकत नाही. त्याच्या तोंडातून पाइप ओढून काढावा लागतो."

नुसतं टक् टक्.

निखिल घाबरून आणखी समजावायला लागला, "काळजी करू नका, ही इज यूझ्ड टु इट. आम्ही त्याला सेकंड हँड घेतलाय. रात्री पाण्यातच असतो!"

नोकरी मिळाली नाही. नकाराच्या ईमेलमध्ये शेवटी एक ओळ मात्र होती: घरातल्या कामगारांचे हक्क, या विषयावर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

* * *

मग आम्ही सगळे मिळून शेरिलच्या दुकानात गेलो. तिने दादांना ओळखलं आणि आधी तब्येत विचारली.

काचेमागे रोबो मांडून ठेवले होते. याला नळी नको, पंप नको. वायर लावायची, पाण्यात सोडायचा, कचरा त्याच्याच पोटातल्या टोपलीत जमा. दादा खुर्ची ओढून समोर बसले आणि प्रश्न सुरू झाले.

"भिंतीवर चढतो का?"

"चढतो."

"आवाज?"

"जवळजवळ नाही."

"सगळं खातो? का नखरे आहेत?"

"पानं, वाळू, फुलं, सगळं."

"कोणी लक्ष द्यायला लागतं?"

ताईंना राहवलं नाही. "अहो, मशीन घेताय की जावई बघताय?"

आम्ही हसलो. शेरिलला कळेना. मैत्रेयीने इंग्लिशमध्ये समजावलं तशी तिने रोबोच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "माझे दोन जावई आहेत. हा दोघांपेक्षा बरा. काम झालं की स्वतःच बंद होतो!"

दादांनी तिथल्या तिथे कार्ड काढलं. गाडीत मैत्रेयी म्हणाली, "कॅन वी कॉल हिम स्पार्की?" निखिल म्हणाला, "बाळ्या." बाळ्याच राहिलं.

* * *

बाळ्याने दोन दिवसांत पूल चकाचक केला. मेथीचा विषय बंद झाला. ताई तर इतक्या खूश, की त्यांनी अकोल्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, आमच्याकडे रोबो आलाय!"

"अगंबाई! भांडी घासतो?"

"नाही गं."

"कपडे?"

"नाही. हा पूलचा तळ घासतो. पाण्याखाली."

बहिणीने फोन डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे जिथे कोणाला दिसत नाही, तेवढंच घासतो?"

"हो."

"असला एक आमच्याकडेही आहे," असं म्हणून तिने फोन नवऱ्याकडे फिरवला.

* * *

आणि मग आबा आले.

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, रिटायर होऊन खूप वर्षं झालेली. पांढरा सदरा, डोक्यावर मैत्रेयीने दिलेली क्रिकेटची टोपी. घरात एवढा मोठा टीव्ही, पण आबा सकाळी उठले की खुर्ची घेऊन पूलजवळ. बाळ्या पाण्यात फिरायचा आणि आबा त्याच्याकडे बघत बसायचे. मधेच त्याला सूचना द्यायचे, "अरे, त्या कोपऱ्यात राहिलं नं!"

पाण्यात मात्र कधी उतरले नाहीत. पायसुद्धा बुडवला नाही. ताई म्हणायच्या, "आबा, बसा ना पायरीवर." आबा म्हणायचे, "बसतो, बसतो. घाई काय हाय?"

एका रविवारी फार ऊन होतं. दादा आणि ताई दोघंही शिफ्टला. मी आबांना चहा घेऊन गेले तर मैत्रेयी त्यांच्या पायाशी बसली होती.

"आबा, डिड यू हॅव अ पूल इन युअर व्हिलेज?"

एवढं इंग्लिश आबांना यायचं. "पूल नाही, विहीर होती."

"कुड यू स्विम इन इट?"

आबा हसले. "पोहाचं सोड. आमाले तिच्या पान्याले हातबी लावता येत नव्हता. काठापासून दूर उभं राहाचं. कोनी वरून ओतलं, त ओंजळीनं प्याचं. नाही ओतलं, त घरी जाचं."

"बट व्हाय?"

"तेच त मी इचारत होतो, बाई."

मैत्रेयीने थोडा विचार केला. "दॅट्स सो रूड," ती म्हणाली.

"हो," आबा म्हणाले. "लय रूड."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून बॅरीचं डोकं वर आलं. घामाने लालबुंद. मागे त्याची नातवंडं, कोणी टायर घेऊन, कोणी नुसतंच उड्या मारत. त्यांच्या पूलचा पंप बंद पडला होता आणि पोरं सकाळपासून हट्ट धरून बसली होती.

बॅरीला फार संकोच वाटत होता. आबांना हात करून तो मला म्हणाला, "सॉरी टु बॉदर यू. मोठ्यांना विचारशील का? माझी नातवंडं तुमच्या पूलमध्ये अर्धा तास उतरली तर चालेल का? नाही म्हणाले तरी नो वरीज."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनते तो?"

"आबा, तो परवानगी मागतोय. त्याच्या नातवंडांना आपल्या पाण्यात उतरू द्याल का, असं विचारतोय."

आबांनी कप खाली ठेवला.

"पान्यात उतराले इचारा लागते काय?"

मी काही म्हणायच्या आत ते उठलेसुद्धा. "ते मशीन काढ आधी. पोट्ट्यायच्या पायात येईन."

मी वायर ओढून बाळ्याला बाहेर काढलं. आबा पूलभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाकडे गेले. पूलच्या फाटकाची कडी लहान मुलांचा हात पोहोचू नये म्हणून खूप उंच असते, आणि ती वर ओढावी लागते. आबांना ती आजवर एकदाही उघडता आली नव्हती, रोज कोणीतरी उघडून द्यायचं. त्यांनी टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी कडी धरली आणि खसकन वर ओढली.

फाटक उघडलं. पोरं बाजूच्या गल्लीतून धावत आली आणि दाराशी आल्यावर एकदम थांबली. अनोळखी आजोबा, मोठ्या मिशा.

आबांनी फाटक पाठीने रेटून पूर्ण उघडं धरलं. टोपी काढली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा, तो आवाज लावला.

"कम," आबा म्हणाले. "कम, कम. ऑल कम!"