ऑनर्सच्या पहिल्या दिवशी मी इम्पॉर्टंट क्वेश्चन मागितले

आज कॉलेजात आमच्या चौथ्या वर्षाची, म्हणजे अर्थशास्त्र ऑनर्सची, पहिली बैठक होती. तीन वर्षांची सवय, म्हणून मीच विचारलं, “मॅडम, इम्पॉर्टंट क्वेश्चन कधी देणार?”

मॅडम म्हणाल्या, “यंदा संशोधन करायचं, प्रश्न तू आणायचा. मलाही उत्तर माहीत नाही असा.”

आमच्या खकनार गावी परतताना बसमध्ये विचार करून डोकं दुखलं.

घरी आले तर पप्पा ओट्यावर बसून आमची केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याला फोनवर हिंदीत विचारत होते, “भाई, केले का भाव आज किसने गिराया?” हे मी लहानपणापासून ऐकतेय.

म्हटलं, “पप्पा, हा प्रश्न कॉलेजात नेऊ?”

“ने. पण उत्तर सापडलं तर आधी मला सांग.”

ऑनर्स केलेल्यांनो, तुमचा प्रश्न तुम्हाला कुठे सापडला होता?