एक तबकडी उन्हात

बाबांनी तरुणपणी इथे बहारीनमध्येच मेकॅनिकचं काम केलं. तेव्हा मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज फोरमनकडून त्यांनी एकाच गायकाच्या झाडून सगळ्या तबकड्या घेतल्या. तो इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या रॉक गायकांपैकी. बाबांच्या मते पहिल्या तबकडीत तो वाघ होता. मग सिनेमात गेला, व्हायोलिनवाल्यांच्या नादी लागला आणि त्याचं मांजर झालं. आईला नेमकं ते मांजर आवडायचं. तिची ती संथ गाण्यांची तबकडी लागली की बाबा उठून बाहेर जायचे.

यंदा दोघं इथे बुदैयाला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्या तबकड्या मी चिपळूणहून विमानात मांडीवर घेऊन आणल्या. कोकणातल्या दमट हवेने त्यांना कुबट वास लागला होता. "ऊन दाखवायला हवं," आई म्हणाली. मी न ऐकताच हो हो केलं.

शुक्रवारी बाबा केस कापायला सनाबिसला गेले होते. दुपारी झोपेतून उठतो तर तबकड्यांचं कपाट रिकामं आणि गच्चीचं दार सताड उघडं! इथलं जूनचं ऊन. मी तसाच अनवाणी धावलो, तळपायांना चटके बसले. गच्चीत चादरीवर एक तबकडी पडली होती, कडेने पापडासारखी वळलेली. ती उचलून मी आत आलो.

"आई, खलास केलंस सगळं! आता बाबांना काय सांगू? जीव आहे त्यांचा त्याच्यात!"

"ओरडू नकोस. बाकीच्या पलंगाखाली आहेत, एसीत. अरे, अनारसासुद्धा आधी एकच सोडून बघतात. तो तेलात हसला तर पुढचा घाणा कोण घालतं?"

मी पलंगाखाली वाकून एकेक बघितली. बाबांचा वाघ जागच्या जागी, सपाट. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच फरशीवर बसून राहिलो. मग हातातल्या वाकड्या तबकडीवरचं नाव वाचलं. ती आईची होती, संथ गाण्यांची.

"त्यांची कशी घालणार उन्हात?" म्हणून ती चहा टाकायला गेली.

बाबा आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकडी तबकडी प्लेयरवर ठेवली. सुई होडीसारखी वरखाली होऊ लागली, आवाज हेलकावायला लागला.

"बंद करा हो," आई म्हणाली. "किती भेसूर वाटतंय ते."

"असू दे," बाबा म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले.