दूध कट्ट्यावरच्या सिस्टर

तारखा आधी नोंदवतो. पुढे कोणी म्हणू नये की म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. गुढीपाडव्यानंतरचा पहिला सोमवार: सिस्टरांविरुद्ध लेखी तक्रार दाखल, जबाबदार, मी स्वतः. जोतिबाच्या यात्रेनंतरचा शुक्रवार: तीच तक्रार लेखी मागे, पोच माझ्यापाशी आहे. दसऱ्याचा आदला दिवस: मागे घेतलेल्या त्याच तक्रारीच्या आधारे सिस्टरांची बदली, जबाबदार, आमच्या प्रभाग आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आणि माझे माघारीचे पत्र फाइलला न लावणारा त्यांचा लिपिक.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी सिस्टरांना पाहिले असेल. सकाळी आठच्या सुमारास दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असत, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात मिळे, आणि दगडी कट्ट्याच्या टोकाला मांडीवर पिशवी घेऊन गारगोटीकडच्या या ठसठशीत बाई बसलेल्या असत. आलेल्याला त्या एकच वाक्य सांगत. "आधी दूध, मग बाकीचं."

मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पालिकेची परिचारिका कामाच्या वेळेत म्हशींच्या गराड्यात दूध पीत बसते, हे मला सहन होणे शक्य नव्हते. सेवानियमांच्या उल्लेखांसह तीन पाने लिहिली. त्यांना नोटीस गेली, आणि तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी वादाच्या तयारीत होतो.

"काका, अक्षर झकास हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी कट्ट्यावर या. बघा, आन् मग आनखी दोन पानं लिवा."

मी गेलो. जे पाहिले ते अजूनही बसल्या जागी स्वस्थ सांगता येत नाही. केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर 'मानसोपचार' अशी पाटी आहे. त्या पाटीखाली आपल्या आईला वा मुलाला बसवायला आमच्या पेठेत कोणी धजत नाही, आणि गुडघे गेलेली माणसे तो जिना चढूही शकत नाहीत. कट्ट्यावर मात्र माणूस दूध प्यायला येतो, त्याला कोणी काही विचारत नाही. ग्लास संपेपर्यंत सिस्टर रक्तदाब पाहून घेत, गोळी दुधाबरोबर पोटात जाई, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले महिन्याचे इंजेक्शन शेजारच्या तालमीच्या खोलीत पडद्याआड टोचले जाई. त्या दिवशी घरी येऊन मी माघारीचे पत्र लिहिलेच. शिवाय माझ्या तक्रारीला सिस्टरांनी द्यायचा खुलासाही मीच लिहून दिला. फिर्यादीने आरोपीचा जबाब लिहिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. जबाब बिनतोड होता, हे नम्रपणे नमूद करतो.

माझ्या घरी बसून तो वाचून झाल्यावर त्यांनी सहज विचारले, मागच्या खोलीचे दार बंद का असते. शहरभरच्या गटारांवर आणि दिव्यांवर पत्रे लिहिणाऱ्या मी, त्या खोलीविषयी कोणालाही कधी एक ओळ लिहिली नव्हती. आत माझा धाकटा भाऊ आबा होता. इचलकरंजीला मागावर कामाला असताना त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले; तो घरी आला आणि कित्येक वर्षे त्या खोलीबाहेर पडला नाही.

सिस्टरांनी दार वाजवले नाही. आमच्या गोठ्यात पूर्वी म्हशी होत्या आणि आबा त्यांचा पारखी होता, एवढे माझ्याकडून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी बंद दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "आबा, कट्ट्यावर एकानं मुऱ्हा जातीची म्हणून म्हस आणलीया. मला काय पटंना. तुमी बघून सांगा की."

त्या रोज येत, त्याच म्हशीविषयी नवी शंका काढत आणि निघून जात. आठव्या दिवशी दार उघडले. मी चप्पल घालायचीही विसरून त्या दोघांच्या मागे अनवाणी धावलो. आबाने म्हशीभोवती एक फेरी मारली, तिच्या कपाळावर हात ठेवला.

"मुऱ्हा कसली? शिंगं बघा की. फशीवलं तुमाला."

मालक खवळला, लोक हसले, आणि वाचकहो, मी भर रस्त्यात रडलो. पुढे डॉक्टरांनी त्याला तिथेच तपासले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आबा आपण होऊन कट्ट्यावर जाऊ लागला, दंडावरची बाही वर करून हसू लागला.

आता आदेश निघाला आहे की सर्व उपचार केंद्रातच होतील. सिस्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला जन्मनोंदीच्या खिडकीवर बसतात. निरोप घेताना मी अपिलाचा मसुदा पुढे केला, तर त्यांनी तो न वाचता परत दिला. म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या काका. आबांस्नी सुई कोण देनार, त्येवढं इचारा."

विचारले. सात वेळा लेखी, दोन वेळा समक्ष. उत्तर नाही. आबा केंद्राचा जिना चढायला तयार नाही. गेल्या आठवड्यापासून तो पुन्हा भिंतीशी पुटपुटतो, पण दार अजून लावून घेतलेले नाही. उद्या महिन्याचा पहिला सोमवार आहे. आज त्याने धुतलेला सदरा खुंटीला अडकवून मला विचारले, "सिस्टर येनार न्हवं?"

मी त्याला काय सांगू, याचे उत्तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उद्या सकाळी आठ वाजता कट्ट्यावर येऊन, सर्वांदेखत, आबाच्या तोंडावर द्यावे.