शिंदीचा इलाज लातूरला

नांदेडला सकाळी गाडीतून उतरले तेव्हा माझा बेत साधा होता. आत्याच्या हाताचं ऑपरेशन होईपर्यंत उशाशी बसायचं, तिला गावी पोचवायचं आणि नाशिकला परतायचं. गयाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, उमरीजवळच्या खेड्यात राहते. पासष्टी उलटली तरी कापूस वेचायला जाते. बांधावरून पडून तिचा उजवा हात कोपरापाशी मोडला होता.

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात पाहते तर तिचा धड असलेला डावा हातही खाटेला ओढणीने बांधलेला! अंग थरथरत होतं, पातळ घामाने भिजलं होतं, आणि छताकडे बघत ती कुणाला तरी शिव्या घालत होती. मला तिने ओळखलं नाही. तिचा मुलगा मिलिंद शाळेत शिक्षक आहे. तो भिंतीला टेकून उभा होता.

"ताई, तीन दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई हिच्या. काल झटका आला. डोक्याचं हाय म्हणून राहिलेत, लातूरला न्या म्हणतात."

शेजारच्या खाटेवरची बाई कुजबुजली, "भानामती (करणी) हाय ही. जाणता मांत्रिक बघा एखादा."

"आमच्या घरात असलं मानत न्हाईत," मिलिंद ताडकन म्हणाला.

दाखल करताना काय विचारलं होतं, मी त्याला विचारलं. म्हणाला, खिडकीवर विचारलं, दारूबिरू? "मी म्हटलं, आम्ही पंचशील घेणारी माणसं. घरात थेंब न्हाई." बिचारा त्याला ठाऊक होतं तेवढं खरंच बोलला होता. मला संताप आला तो त्या खिडकीचा. दुखणं बाईचं, प्रश्न विचारला मुलाला, तोही मागे एवढी रांग कान टवकारून उभी असताना!

दुपारी अँब्युलन्सने निघालो. लोहा मागे पडलं. दोन्हीकडे सोयाबीन काढून रिकामी झालेली रानं, मधूनच पिवळ्या फुलांवर आलेली तूर. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला थांबला, गरम भज्यांचा पुडा त्याने आग्रहाने माझ्या हातात दिला. तो मी तसाच मिलिंदला दिला.

"लई पेशंट नेतो ह्या रोडनं, ताई," तो म्हणाला. "नेले तसेच वापस आणतो."

लातूरला त्याचं म्हणणं कळलं. मनाच्या आजारांच्या विभागात म्हणाले, आधी हाताचं बघा. हाडांच्या विभागात म्हणाले, पेशंट शांत करून आणा, मग बघू. पुन्हा पहिल्या दारात गेलो तर वेळ संपलेली. म्हातारीचं स्ट्रेचर उतरत्या उन्हात तीनदा अंगण ओलांडून गेलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी आरडाओरडा केला, तेव्हा रात्रीपुरती ड्रेसिंगच्या खोलीत जागा मिळाली.

तिथली सिस्टर देगलूरकडची, वयाने मोठी. तिने आत्याला नीट न्याहाळलं, मिलिंदला बाहेर काढलं आणि पडदा ओढला. मग आत्याच्या कानाशी वाकून विचारलं, "मावशी, कल्लू (शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस) घेत व्हतीस का गं?"

आत्याची भिरभिरती नजर थांबली. "रोज सांजच्याला. दोन बाटल्या. कंबर लई दुखती, माय."

सिस्टरने मला समजावलं. गावोगावच्या शिंदीत पुष्कळदा गुंगीची पावडर कालवलेली असते. रोजची सवय एकदम तुटली की माणूस असा बहकतो, झटकेही येतात. तिने डॉक्टरला बोलावलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या हळूहळू कमी करायच्या होत्या. तिसऱ्या सकाळी आत्याने मला ओळखलं आणि चहा मागितला. पुढच्या आठवड्यात हाताचं ऑपरेशनही झालं. मिलिंद मात्र जिन्यात बसून रडला. "माझी माय, अन् मलाच ठावं न्हाई!"

लातूरहून गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच मिळणार होत्या. म्हणून परतल्यावर गावच्या आरोग्य केंद्रात गेलो; आत्याची बीपीची गोळी तिथूनच असते. तरुण डॉक्टर म्हणाले, "बीपीची गोळी इथून न्या. ही आमच्याकडे येत नाही. व्यसनाचा इलाज लातूरला."

"हात एकाचा, बीपी दुसऱ्याचं, व्यसन तिसऱ्याचं! बाई तरी एकच आहे ना?" माझा आवाज चढला.

"वरडू नगं, पोरी." आत्या गळ्यातल्या झोळीत हात सावरत उठली आणि भरल्या रांगेसमोर बोलली, "सायेब, मी शिंदी पित व्हते. आता सोडलीय. मला खाटेला बांधून ठिवलं व्हतं. गोळी चुकली तर मी पुन्यांदा तिकडंच जाईन. हितं द्या."

मिलिंदने मान खाली घातली नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. तो माणूस वाईट नव्हता. वर पत्र लिहितो म्हणाले, आणि आमच्यासमोर लिहिलंही.

"तवर?" आत्याने विचारलं.

"तोवर लातूर."

आम्ही चपला घालत होतो. पदराला कापसाच्या काड्या चिकटलेली एक तरणी बाई रांग सोडून जवळ आली. "अक्का, लातूरची गाडी किती वाजता असती?"

आत्या तिच्याकडे वळली. "पहाटं. चल, संगं जाऊ."

मुदखेडला मी नाशिकची गाडी पकडली. खिडकीत बसले, पण बाहेर लक्ष नव्हतं. लोक किती सहज म्हणतात, पिणाऱ्यालाच सोडायचं नसतं. आता माझ्यासमोर कुणी तसं म्हणून बघावंच!

परवा फोनवर आत्या म्हणाली, झोप लागते, शिंदीच्या दुकानाकडे पाय वळत नाहीत. डॉक्टरांच्या पत्राला उत्तर आलेलं नाही. आठवड्यातून एकदा, दिवसाची मजुरी बुडवून, आता पाच जणी मिळून लातूरला जातात. गावचं आरोग्य केंद्र आत्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.